‘ली’ची कुळकथा

गेल्या गुरुवारची गोष्ट. संध्याकाळचा कॉल, स्क्रीनवर रिस्पॉन्स टाइमचा आलेख, आणि मी भलत्याच उत्साहात सांगतोय की नव्या बदलानंतर आकडे "मार्क्डली" सुधारलेत. एकदा नाही, चांगलं तीनदा म्हणालो. कॉल संपल्यावर पलीकडच्या एका भल्या माणसाने चॅटवर निरोप पाठवला: तो शब्द "मार्-किड्-ली" असा म्हणतात, राग मानू नये.

राग नाही आला, कान मात्र गरम झाले. चाळिशी उलटली, इतकी वर्षं इंग्रजीत मेल लिहून पगार घेतोय, आणि अजून हे! पण कान थंड झाल्यावर डोकं चालायला लागलं. ‘मार्क्ड’ बरोबर आहे ना? मग त्याला ‘ली’ जोडल्यावर ‘मार्क्डली’च व्हायला हवं. आमच्या धंद्यात नवी ओळ जोडल्यामुळे जुना, नीट चालणारा कोड बिघडला तर त्याला बग म्हणतात. इथे शेपूट लावल्याबरोबर मधेच एक ‘कि’ कुठून टपकला?

शनिवार-रविवार याच्याच मागे घालवला. बायको म्हणाली, माळा आवरायचा होता. माळा तसाच आहे. शोध मात्र हजारेक वर्षं मागे गेला आणि फिरून थेट माझ्या वडिलांपाशी येऊन थांबला. त्यांच्याकडे शेवटी येतो. आधी ही ‘ली’ कोण, कुठली, ते बघू.

तर मंडळी, ‘ली’च्या पोटात एक प्रेत आहे. खरंच सांगतोय. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इ.स. ११०० पर्यंतच्या इंग्रजीत, ‘लीच’ असा एक शब्द होता. अर्थ शरीर, जिवंत किंवा मेलेलं. जर्मनमध्ये प्रेताला आजही ‘लाइशे’ म्हणतात, तो याचाच भाऊ. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं फाटक असतं, त्याला ‘लिचगेट’ म्हणतात. अंत्ययात्रा तिथे थांबायची, पाद्री येईपर्यंत शवपेटी छपराखाली टेकवायची. त्या ‘लिच’मध्ये तो जुना शब्द जसाच्या तसा शिल्लक आहे.

शरीरावरून आकार, आकारावरून रूप, रूपावरून ‘सारखं’, असा अर्थ सरकत गेला. ‘फ्रेओंड’ म्हणजे मित्र, आणि ‘फ्रेओंडलीच’ म्हणजे मित्राच्या रूपाचा, मित्रासारखा. हे झालं विशेषण. म्हणजे सुरुवातीला हा प्रत्यय क्रियाविशेषणाचा नव्हताच! क्रियाविशेषण करायची जुनी युक्ती वेगळी होती आणि फार सोपी होती. विशेषणाला नुसता ‘ए’ लावायचा. ‘देओप’ म्हणजे खोल, ‘देओपे’ म्हणजे खोलवर. ‘हेअर्द’ म्हणजे कठीण, ‘हेअर्दे’ म्हणजे कठोरपणे. त्याच न्यायाने ‘फ्रेओंडलीच’चं ‘फ्रेओंडलीचे’, म्हणजे मित्रत्वाने. खरं काम करणारा होता तो शेवटचा इवलासा ‘ए’.

आणि नेमका तोच मेला. शब्दाच्या शेवटचा, आघात नसलेला हा स्वर हळूहळू पुसट होत गेला. चौदाव्या शतकात चॉसर कवितेच्या वृत्तासाठी तो अजून मोजतो, पण त्याचा काळ संपत असताना लोकांच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेलाच होता. आता ‘डीप’ विशेषण की क्रियाविशेषण, हे शब्दाकडे बघून कळेना. मग लोकांचा असा समज झाला की क्रियाविशेषणाची खूण म्हणजे ते मागचं अख्खं ‘लीच’च. थोडक्यात, एक जुनं मॉड्यूल बंद पडलं आणि त्याची जबाबदारी शेजारच्या मॉड्यूलने उचलली. कुणी ठरवलं नाही, कुठे नोंद झाली नाही. आमच्याकडच्या कोडबेसचाही इतिहास असाच असतो म्हणा :)

या एका घटनेने दोन कोडी सुटतात. पहिलं, ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ला क्रियाविशेषण असताना ‘ली’ का नाही? कारण त्यांच्या मागचा ‘ए’ गळून पडला आणि ते तसेच उघडे राहिले. दुसरं, ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉस्टली’ यांना ‘ली’ असूनही ते विशेषण का? कारण ‘ली’चं मूळ घर विशेषणाचंच. शाळेत आम्हाला हे सगळं "अपवाद" म्हणून पाठ करायला लावलं होतं. प्रत्यक्षात हे अपवाद नाहीत, हे त्या घरातले मूळ रहिवासी आहेत. ‘ली’ने नंतर शेजारचा वाडाही ताब्यात घेतला, एवढंच.

जिथे उघडा शब्द आणि ‘ली’वाला शब्द असे दोघेही टिकले, तिथे भावाभावांत वाटणी झाली. ‘हार्डली’चा अर्थ एके काळी जोरकसपणे असाही होता. मग ‘मुश्किलीने’ झाला, आणि पुढे ‘जवळजवळ नाहीच’. म्हणूनच "ही वर्क्स हार्ड" आणि "ही हार्डली वर्क्स" यांत अख्ख्या अप्रेजलचा फरक पडतो.

बरं, ‘लीच’मधला ‘च’ कुठे गेला? आघात नसलेल्या जागी तो गळण्याची इंग्रजीला खोडच आहे. ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ पूर्वी ‘इच’ होता. ‘एव्हरी’ म्हणजे मुळात ‘एव्हर’ अधिक ‘ईच’, तिथलाही ‘च’ असाच गेला. त्यात उत्तर इंग्लंडमध्ये नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले होते. त्यांच्या भाषेत हाच प्रत्यय ‘लिग’ अशा रूपात होता, ‘च’शिवाय. त्यांच्या शेजाराने ‘ली’ला बळ मिळालं, असं भाषेचे अभ्यासक मानतात.

त्याच ‘लीच’ची दुसरी शाखा म्हणजे आपला ‘लाइक’, ‘सारखा’ या अर्थाचा. हा स्वतंत्र शब्द राहिला, त्यावर आघात टिकला. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले आघाताचे सगळे दीर्घ स्वर जागचे हलले, त्यात ‘ई’चा ‘आय’ झाला. म्हणून ‘लीक’चा ‘लाइक’ झाला. प्रत्ययावर आघात नव्हता, त्यामुळे त्या उलथापालथीतून तो निसटला आणि ‘ली’च राहिला. म्हणजे ‘लाइक’ आणि ‘ली’ सख्खे भाऊ, फक्त एकावर जोर पडला आणि दुसऱ्यावर नाही. शेवटच्या त्या स्वराचीही एक गंमत आहे. डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशात तो ह्रस्व आहे, ‘क्विक्लि’ असा. आता बहुतेक इंग्रज तो दीर्घाकडे झुकवतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा नियम आहे, म्हणून आपण आधीपासूनच ‘ली’ लिहितो. या बाबतीत इंग्रज आपल्याकडे आले असं म्हणायला हरकत नाही!

आता कुणी म्हणेल, शरीराचा प्रत्यय ही काय विचित्र कल्पना. पण शेजारी डोकावून बघा. लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन, आणि त्याची तृतीया ‘मेन्ते’, म्हणजे मनाने. ‘क्लारा मेन्ते’ म्हणजे स्वच्छ मनाने. हेच ‘मेन्ते’ झिजून फ्रेंचचा ‘माँ’ आणि स्पॅनिशचा ‘मेन्ते’ हा प्रत्यय झाला, आणि मनाशी काही संबंध नसलेल्या शब्दांनाही लागायला लागला. स्पॅनिशमध्ये तर दोन क्रियाविशेषणं जोडून आली की ‘मेन्ते’ फक्त शेवटच्याला लावतात. ‘क्लारा इ लेन्तामेन्ते’. आपण "स्वच्छ आणि शांत मनाने" म्हणतो ना, दोन विशेषणांत एकच ‘मनाने’ वाटून घेतो, अगदी तसंच. इंग्रजांनी शरीर घेतलं, फ्रेंच-स्पॅनिशांनी मन घेतलं. आणि मराठी? आपण ‘मोकळ्या मनाने’ म्हणतो, ‘जड अंतःकरणाने’ म्हणतो, फक्त आपलं मन अजून झिजून प्रत्यय झालेलं नाही. ‘शांतपणे’मधला ‘पणे’ मात्र झालाय. ‘पण’ म्हणजे भाव आणि शेवटचा ‘ए’ ही जुनी तृतीया. रोज वापरतो, पण त्यात विभक्ती आहे हे आठवत नाही.

इथून परत उच्चाराकडे येतो. ‘ली’ हा तसा सज्जन प्रत्यय आहे. तो लागला म्हणून मूळ शब्दातला जोर सहसा हलत नाही. (‘नेसेसरिली’सारखे काही सोडून. ब्रिटिश परंपरेने त्यात पहिल्याच अक्षरावर जोर देतात, अमेरिकन तो पुढे ‘सॅ’वर नेतात.) ‘बेसिकली’च्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ आणि दोन ‘एल’ आहेत, पण बोलताना ‘कली’ एवढंच उरतं. लिहिलेला ‘अ’ न म्हणण्याची आपल्याला जन्माची सवय, म्हणून तिथे मराठी माणूस चुकत नाही.

पण काही शब्दांत ही ‘ली’ एखाद्या बरणीसारखं काम करते. बाहेरचा मूळ शब्द काळाबरोबर बदलून जातो, आणि बरणीतला मुरांबा जुन्या चवीचा राहतो. सगळ्यात सोपं उदाहरण ‘ओन्ली’. ‘वन’ला ‘ली’ लावून हा झाला, मग ‘वनली’ का नाही? कारण जुन्या इंग्रजीत एकाला ‘आन’ म्हणत, त्याचा पुढे ‘ओन’ झाला. इंग्लंडच्या काही बोलींमध्ये त्याच्यापुढे ‘व’ चिकटला, पंधराव्या शतकापासून तो लिखाणात दिसतो, आणि सन १७०० च्या आसपास ‘वन’ हाच शिष्ट उच्चार ठरला. पण तोवर ‘ओन्ली’ आपल्या बरणीत बंद झाला होता. ‘अलोन’ म्हणजे ‘ऑल’ अधिक ‘वन’, त्यातही जुना ‘ओन’च आहे. ‘वन्स’ मात्र बदलाबरोबर गेला. (‘वन्स’मधला ‘स’ ही जुनी षष्ठी, म्हणजे शब्दशः ‘एकाचा’. तोच ‘स’ ‘ऑलवेज’च्या शेवटी आहे. पण ती वेगळी कुळकथा.)

आता माझा ‘मार्क्डली’. भूतकाळाच्या ‘ई-डी’चा उच्चार चॉसरच्या काळापर्यंत सर्रास वेगळं अक्षर म्हणून होत असे. ‘आस्क्ट’ नव्हे, ‘आस्केड’. ‘लुक्ट’ नव्हे, ‘लूकेड’. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत बोलण्यातला तो स्वर गळत गेला. ‘ट’ आणि ‘ड’नंतर तेवढा उरला, कारण ‘वॉन्टेड’मधून तो काढला तर बोलताच येणार नाही. दरम्यान १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला होता, आणि छपाईबरोबर स्पेलिंग घट्ट होत गेलं. तोंडातून ‘ए’ गेला, कागदावर राहिला.

हे काही बिनविरोध झालं नाही. ‘गलिव्हर’वाला जोनाथन स्विफ्ट १७१२ मध्ये खुद्द इंग्लंडच्या खजिनदाराला उद्देशून एक पत्रवजा पुस्तिका छापतो. भाषेला शिस्त लावायला एक मंडळ नेमा, अशी मागणी. त्यात त्याची एक मोठी तक्रार हीच आहे की लोक असे स्वर खाऊन टाकतात आणि उरलेली व्यंजनं एकमेकांवर आदळतात. मंडळ कधी झालंच नाही. गंमत पुढे आहे. पन्नास वर्षांनी, १७६२ मध्ये, रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मपंडिताचं व्याकरण आलं. क्रियाविशेषणाच्या जागी ‘ली’ न लावता नुसतं विशेषण वापरणं अयोग्य, असं त्याने बजावलं, आणि चुकणाऱ्यांची उदाहरणं दिली. त्या यादीत शेक्सपिअर आहे, ड्रायडन आहे, आणि ‘एक्स्ट्रीमली’च्या जागी ‘एक्स्ट्रीम’ लिहिल्याबद्दल आपला स्विफ्टसुद्धा आहे! जो दुसऱ्यांचे गाळलेले स्वर मोजत बसला होता, त्याची गाळलेली ‘ली’ दुसऱ्याने मोजली. शुद्धलेखनाचा छडी घेतलेला कुठलाही माणूस मला आता स्विफ्टसारखा दिसतो. आपल्या घाटातल्या ‘गो स्लो’ पाटीवरही लाउथसाहेबांनी बहुधा लाल शाई चालवली असती.

तर, ‘मार्केड’चा ‘मार्क्ट’ झाला. पण त्याला ‘ली’ लागली की ‘क’, ‘ट’, ‘ल’ अशी तीन व्यंजनं एका ओळीत येतात, आणि इंग्रजीची जोर-सैल-जोर अशी चालही अडखळते. तिथे जुना स्वर टिकून राहिला. मार्-किड्-ली. तसंच ‘सपोझिड्ली’, ‘अलेजिड्ली’. ढोबळ नियम असा, की ‘ई-डी’च्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर असेल तर बहुतेकदा ‘इड’ म्हणायचं. जोर तिथे नसेल तर नाही. म्हणून ‘डिटर्मिन्ड्ली’ आणि ‘हरिड्ली’ यांत जादा स्वर नाही. कोर्टात वकील "माय लर्निड फ्रेंड" म्हणतात, ‘लर्न्ड’ नाही, तेही याच जुन्या मुरांब्यातलं.

हे वाचत होतो तेव्हा ‘आस्केड’ या शब्दापाशी थांबलो, आणि पुढचं पान बराच वेळ उलटलं नाही.

माझे बाबा तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत कारकून होते. शाळा मराठी, इंग्रजीशी गाठ उशिरा पडली, आणि जी पडली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. मला त्यांनी ओढाताण करून इंग्रजी माध्यमात घातलं. रविवारी सकाळी ते मला समोर बसवून इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचे, पोराच्या कानावर इंग्रजी पडावं म्हणून. बोट ओळीवर, आवाज खणखणीत. "द मिनिस्टर आस्केड." "द क्राउड लूकेड." देवनागरीत वाढलेला माणूस अक्षरावर विश्वास ठेवतो. लिहिलंय ते म्हणायचं. ‘वॉन्टेड’ म्हणतात, मग ‘आस्केड’ का नाही?

मी सहावीत होतो. एका रविवारी वर्गातले दोन मित्र घरी आले होते. बाबा ‘आस्केड’ म्हणाले आणि मित्रांनी एकमेकांकडे बघितलं. मला काय झालं कोण जाणे, मी जोरात म्हणालो, "अहो बाबा, आस्क्ट! एवढंही येत नाही का तुम्हाला?" मित्र हसले, मीही हसलो. बाबासुद्धा हसले, म्हणाले, "बरं बाबा, आस्क्ट." पुढच्या रविवारी त्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. "तूच वाच आता, तुला चांगलं येतं." त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी इंग्रजी कधी मोठ्याने वाचलं नाही. मला वाटलं, सुटलो.

आता उगाच भावनेच्या भरात बाबांचा उच्चार बरोबर होता असं मी म्हणणार नाही. आजच्या इंग्रजीत तो चूकच आहे. पण ती चूक अडाणीपणाची नव्हती. कागदावर सहाशे वर्षांपूर्वीचा उच्चार छापलेला होता, आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे वाचला. मी मात्र नुसतं ऐकलेलं पाठ केलं होतं आणि त्यालाच ज्ञान समजत होतो. गुरुवारी माझे कान गरम झाले ते बंद खोलीत, चॅटवर. त्यांचे झाले असतील ते स्वतःच्या पोराच्या मित्रांसमोर.

रविवारी रात्री फोन केला. सगळं सांगितलं. लीच, चॉसर, छापखाना, स्विफ्ट. ते रविवार त्यांना आठवतात का, हे विचारायचं धाडस झालं नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "आता काय म्हणायचं मग?"

"आता आस्क्टच म्हणायचं."

"मग झालं तर." थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तो तुझा कुठला शब्द होता, ज्यावरून तुला टोकलं?"

मी स्पेलिंग सांगितलं. एम, ए, आर, के, ई, डी, एल, वाय. पलीकडे पेनाचा आवाज आला, लिहून घेत असावेत. मग वीस-पंचवीस... नाही, तीस वर्षांनी तो खणखणीत आवाज ऐकला.

"मार्केडली."

पहिल्या फटक्यात. ‘के’चा ‘कि’ तेवढा करायचा राहिला होता, तो मी नाही केला.

असो. माळा पुढच्या शनिवारी.